वाढत्या मागणीचे ओझे कोणाच्या हातावर?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘अमक्याचा धंदा वाढला’ असे कानावर आले की आपण लगेच त्याचे अभिनंदन करतो. धंदा वाढणे म्हणजे घरात लक्ष्मी येणे, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की वाढले म्हणजे नेमके काय वाढले, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. माल वाढला की मिळकत वाढली? मिळकत वाढली असेल तर ती कोणाची? आणि जे काम वाढले ते कोणाच्या हातांनी उरकले? कारखान्यात मागणी वाढली तर मालक आणखी एक यंत्र बसवील, दुसरी पाळी सुरू करील. परंतु जो माल केवळ हातांनी होतो, आणि ते हातही घरचेच असतात, तिथे मागणी दुप्पट झाली म्हणून बोटे दुप्पट होत नाहीत. मग हे ओझे पेलायचे कसे? प्रस्तुत लेखात मला याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. आमच्या घरी तीन पिढ्या बुरूडकाम चालत आले आहे. आपला गोंदिया जिल्हा धानाचा. धान पाखडायला सूप, वाहायला टोपली, साठवायला कणगी, लग्नकार्यात सूप आणि परडी, असे वर्षाचे सगळे सणवार आणि सगळे हंगाम बांबूच्या आधाराने जात असत. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरचा हिशेब लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. हिशेबाची वही काढली तेव्हा आई म्हणाली, “लिवून का होते? परड्या का तुया वहीत इनतेस?” आईचा प्रश्न खरा होता. परड्या वहीत विणल्या जात नाहीत. पण त्या विणल्यामुळे घरात काय उरते, ते मात्र वहीतच कळते, असा माझा अनुभव आहे.

मळणीयंत्रे आली, प्लॅस्टिकची सुपे आणि टोपली आठवडी बाजारात आली, तेव्हा आमचा धंदा बसत चालला होता. नंतर वारे थोडे फिरले. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी झाली. शहरातल्या माणसाला बांबूची परडी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून हवीशी वाटू लागली. दिवाळीला सुकामेवा किंवा फराळ भरून भेट द्यायला ती दिसते छान आणि पुठ्ठ्याच्या खोक्यापेक्षा टिकतेही जास्त. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र गावाबाहेर गेले, आणि जिथे महिन्याला चाळीस-पन्नास परड्या खपत होत्या तिथे गेल्या भाद्रपदात नागपूरकडच्या एका व्यापाऱ्याने एकदम ६०० परड्या मागितल्या. मुदत ४० दिवसांची, दर नगाला ७० रुपये. एकूण ४२,००० रुपये! एवढा आकडा आमच्या ओसरीवर यापूर्वी कोणी उच्चारला नव्हता.

आता हा आकडा जरा उलगडून पाहू. बांबू, रंग, बांधणी आणि वाहतूक मिळून एका परडीला १६ रुपये लागतात. उरले ५४. कामट्या तयार असतील तर सराईत बाई दिवसाला पाच परड्या विणते. बांबू फोडून, तासून, कामट्या काढणारा एक माणूस तीन विणणाऱ्यांना पुरतो. म्हणजे चार माणसे दिवसभर राबली की १५ परड्या होतात. १५ परड्यांचे ५४ रुपयांप्रमाणे झाले ८१०. ते चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला आले २०२ रुपये. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. याचा अर्थ असा की, तीन पिढ्यांचे कसब हातात असलेल्या माणसाला त्या बेचाळीस हजारांच्या मागणीतून माती उचलणाऱ्या मजुरापेक्षा दिवसाला ११० रुपये कमी पडत होते.

मग इतकी वर्षे हा दर आम्हाला परवडत कसा होता? या प्रश्नाचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. तो परवडत नव्हताच. रोवणी झाल्यावर, स्वयंपाक उरकल्यावर, दुपारी डोळा लागण्याऐवजी आई आणि काकू विणायला बसत. त्या वेळेची किंमत कोणी धरीत नव्हते. फावल्या वेळात केलेल्या कामाचा हिशेब आपल्या समाजात नसतो, आणि ते काम बाईचे असेल तर मुळीच नसतो. महिन्याला पन्नास परड्या होत्या तोवर हा तोटा झाकून राहिला. सहाशे परड्या आल्या, फावला वेळ संपला, आणि खरा दिवस खर्ची पडू लागला, तेव्हा तो उघडा पडला. छोट्या धंद्यातील चूक वाढीबरोबर आपोआप दुरुस्त होते, असा एक भाबडा समज आहे. वस्तुतः एका परडीमागे जो घाटा आहे तो सहाशे परड्यांमागे सहाशे पट होतो. म्हणून मागणी वाढली की पहिले काम हात वाढवण्याचे नाही, दर तपासण्याचे आहे. हे माझे पहिले म्हणणे.

माझ्या चुलतभावाने यावर एक सोपा उपाय सुचवला. घरच्या दोघींनी एकही खाडा न करता विणले तरी ४० दिवसांत ४०० परड्या होणार. तेव्हा आपण विणायचेच कशाला? बांबू आणि रंग आपण द्यायचे, टोळीतल्या बायकांना विणण्याचे नगाला २० रुपये द्यायचे, कामट्या काढणाऱ्याला १५ द्यायचे. ७० मधून हे सारे वजा जाता घरात नगाला १९ रुपये, म्हणजे सहाशे परड्यांवर ११,४०० रुपये, हात न लावता राहतात. गणित बरोबर होते. भाऊ काही दुष्ट नाही. बी. कॉम. झालेल्या कोणत्याही मुलाने हेच सांगितले असते. पण त्या गणितात दिवसभर मान मोडून पाच परड्या विणणाऱ्या बाईच्या पदरात शंभर रुपये पडतात. ती बाई म्हणजे आमच्या शेजारची वहिनी, आमच्या आत्याची नणंद. कालपर्यंत जी आमच्या बरोबरीची कारागीर होती, ती एका दिवाळीत आमची मजूर झाली असती, आणि आम्ही तिचे ठेकेदार.

गोंदियाच्या माणसाला हे चित्र नवे नाही. आपल्या शहराचे नाव ज्या धंद्याने दूरवर नेले त्या बिडीच्या धंद्याची रचना अशीच आहे. जंगलात तेंदूपान भरपूर, हाताला दुसरे काम नाही, आणि रेल्वे दाराशी. या तिन्हींच्या जोरावर गेल्या शतकात हा धंदा या भागात फोफावला. मागणी वाढत गेली तसे कारखान्याच्या छपराखालचे काम घरोघरी गेले. ठेकेदाराने पान, तंबाखू आणि दोरा मोजून द्यायचा, बाईने घरी नेऊन बिड्या वळायच्या, हजाराचा भाव ठरलेला. परत द्यायला गेले की मोजणी, आणि मोजणीत ‘छाट’. म्हणजे ठेकेदाराला न पटलेली बिडी बाजूला, तिची मजुरी नाही. पान कमी भरले तर पदरचे घालायचे. माझ्या आईच्या आईने उभा जन्म बिड्या वळल्या. ती म्हणते, “बोटं झिजली, पन हजार काही भरला नाही.” धंदा वाढला नव्हता असे कोण म्हणेल? धंदा अफाट वाढला. पण वळणारी बाई होती तिथेच राहिली. तिच्या कामाचे तास, तिची छाट, तिचे आजारपण यांकडे पाहण्यासाठी संसदेला १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा करावा लागला आणि १९७६ साली कल्याण निधीचा. ज्या धंद्यात वाढ आधी आली आणि हिशेब नंतर आला, त्याची ही कहाणी आहे.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गृहिणी एकत्र आल्या आणि पापड लाटू लागल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. हाच पुढचा श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. तीन महिन्यांत सातच्या पंचवीस झाल्या. दुसऱ्या वर्षाअखेर शंभर-दीडशे, आणि तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या वर. एवढ्या बायकांना बसायला जागा कुठून आणायची? तेव्हा त्यांनी ठरवले की पीठ एका ठिकाणी मळायचे, बायकांनी ते घरी न्यायचे, पापड लाटून दुसऱ्या दिवशी आणायचे, मग तपासणी, वजन आणि बांधणी.

वाचकांच्या लक्षात आले असेलच की ही रचना वरवर पाहता हुबेहूब बिडीसारखी आहे. कच्चा माल घरी न्यायचा, तयार माल परत आणायचा, मोजणी आणि तपासणीही आहे. मग एका ठिकाणी बाई मजूर राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी ती ‘बहीण’ कशी झाली? फरक हातांत नाही, कौशल्यात नाही, फरक मालकीत आहे. पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद, म्हणजे भागीदार असते. लाटण्याची मजुरी तर तिला मिळतेच, पण नफा आणि तोटाही सगळ्या मिळून वाटून घेतात. तपासणी करणारीही त्यांच्यातलीच. ज्या मोजणीत आपलाही आवाज असतो ती मोजणी शिस्त वाटते, आणि ज्या मोजणीत तो नसतो तिची छाट होते. आज या संस्थेत चाळीस हजारांवर बहिणी आहेत, आणि सात संस्थापिकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. घरी नेलेले पीठ आणि घरी नेलेले तेंदूपान यांतला हा फरक ज्या कारागीर कुटुंबाला कळला, त्याला वाढीची भीती बाळगण्याचे कारण नाही. हे माझे दुसरे म्हणणे.

लिज्जतच्या सुरुवातीच्या काळातील आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह. ओले पापड बांधून पाठवावेत आणि मागणी पुरी करावी, हा मार्ग त्यांनी पत्करला नाही. हातच्या वस्तूला निसर्गाचे एक वेळापत्रक असते. मागणीला ते माहीत नसते. कारागिराला ते विसरून चालत नाही.

बांबूचेही तसेच आहे. पावसाळ्यात बेटाला नवे कोंब फुटतात, म्हणून त्या दिवसांत तोड बंद असते. तोड हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतची. परंतु शहरातून मागणी येते ती गणपती-दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे नेमकी हाताशी ताजा बांबू नसतो तेव्हा, आणि हलका धान कापणीला येतो तेव्हा. अशा घाईत कोवळी काठी कुठून तरी मिळवून विणली तर दिसायला परडी झकास होते. पण कोवळ्या आणि न मुरवलेल्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो, त्यावर घुण येतो, आणि दोन-चार महिन्यांत परडीखाली पिवळे पीठ पडू लागते. बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात मुरवून मग वाळवला तर हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. आमच्या आजोबांच्या काळी गावच्या बोडीत बांबू टाकून ठेवीत. आता ‘घाई आहे’ या एका शब्दाखाली ती रीत मागे पडते आहे. घुण लागलेली परडी ज्याच्या घरी जाईल तो पुन्हा बांबूची वस्तू घेईल काय? एका दिवाळीची मागणी पुरवण्यासाठी पुढच्या दहा दिवाळ्या गमावण्याचा हा प्रकार आहे.

याचा व्यवहारी अर्थ असा की, दिवाळीचा माल हिवाळ्यात सुरू होतो. माघ-फाल्गुनात बांबू विकत घेऊन ठेवायचा आणि पैसे आश्विनात मिळायचे. मधले सात-आठ महिने कोणी सोसायचे? नोंदणी असलेल्या बुरूड कुटुंबांना वनखात्याकडून सवलतीच्या दराने बांबू देण्याची पद्धत आहे, पण तो ठरावीक संख्येत. धंदा एकदम वाढला की वरचा बांबू बाजारभावाने घ्यावा लागतो, आणि १६ रुपयांचा खर्च १६ राहत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. २०१७ साली ती काढून टाकण्यात आली, आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू तोडायला व न्यायला मोकळीक मिळाली. आपल्या बांधीच्या धुऱ्यावर दोन-चार बेटे लावणे आता शहाणपणाचे आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या आधारे २०११ साली आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळवला. कच्चा माल ज्याच्या हातात, दर ठरवण्याची ताकद त्याच्या हातात, हा धडा त्या छोट्या गावाने सबंध देशाला घालून दिला.

भांडवलासाठी सरकारी योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय घेतले, त्यांत टोपली, चटई आणि झाडू करणारेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी ती योजना. चांगली गोष्ट आहे. परंतु कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि दिवाळी वर्षातून एकदा. म्हणून माझ्या मते कर्जापेक्षा आगाऊ रकमेचा आग्रह आधी धरावा. ज्याला माल हवा आहे त्याने बांबूचे पैसे आधी द्यावेत. आदल्या दिवाळीला एका व्यापाऱ्याने आमचा माल नेला आणि पैसे होळी उलटल्यावर दिले. त्या पाच महिन्यांत त्याला बिनव्याजी भांडवल पुरवले ते माझ्या आईने!

यावर कोणी म्हणेल, की मग यंत्र का घेत नाही? अर्थशास्त्राच्या तासाला आपण सर्वांनी ॲडम स्मिथचे टाचणीचे उदाहरण शिकले आहे. १७७६ साली त्याने लिहून ठेवले की कामाची अठरा तुकड्यांत विभागणी केल्यामुळे दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. मला श्रमविभागणीचा तिटकारा नाही. बांबू फोडण्याचे आणि एकसारख्या कामट्या काढण्याचे यंत्र घ्यावे, असे मी म्हणेन. बाबांच्या हातावर कोयत्याचे आणि कामट्यांच्या धारेचे जे वण आहेत ते पाहिले की त्या कामात काही पावित्र्य आहे असे मला वाटत नाही. पण विणकामाचे तुकडे पाडताना जपावे. एका मुलीने जन्मभर फक्त बूडच विणायचे आणि दुसरीने फक्त काठच बांधायचा, असे झाले तर माल झपाट्याने निघेल. मात्र दहा वर्षांनी गावात पूर्ण सूप विणणारी एकही बाई उरणार नाही. टाचणी करणाऱ्याला टाचणीचा वारसा नव्हता. आम्हाला सुपाचा आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. “दारात आलेल्या मागणीला नाही म्हणणे हा करंटेपणा नव्हे काय? गरिबाने आधी पोट भरावे, तत्त्वे मागून सांभाळावीत.” या बोलण्यात तथ्य आहे. भुकेल्याला हिशेब शिकवणे हा एक प्रकारचा उर्मटपणाच. तुम्ही दर वाढवून मागाल आणि व्यापारी दुसऱ्या गावाला जाईल, तिथला माणूस ७० रुपयांनाच काय, ६० रुपयांनाही देईल, हेही खरे. आमच्या घरी यावर दोन रात्री वाद झाला. काकू म्हणाली, की बेचाळीस हजार बुडाले तर या वर्षी घराच्या कवेलूंचे काय? तिला उत्तर देणे सोपे नव्हते.

शेवटी वहीतला आकडा पुढे ठेवला. चौघांना प्रत्येकी ३१२ रुपये द्यायचे तर दिवसाचे १,२४८. ते १५ परड्यांवर वाटले की ८३, वर खर्चाचे १६. म्हणजे परडीची प्रामाणिक किंमत ९९ रुपये. ती मागितली. पुष्कळ घासाघीस झाली. अखेर ३५० परड्या, दर ९५, आणि एक तृतीयांश रक्कम आधी, असे ठरले. आई, काकू आणि शेजारची वहिनी मिळून तिघींनी २४ दिवसांत काम पुरे केले, आणि प्रत्येकाला दिवसाला २९५ रुपयांच्या आसपास पडले. वहिनीला आणि आईला एकच दर. रोजगार हमीपेक्षा अजून सतराएक रुपये कमीच, तेव्हा यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. उरलेल्या २५० परड्या त्या व्यापाऱ्याने कुठून घेतल्या हे मला माहीत नाही. कोणत्या तरी गावात कोणत्या तरी बाईने त्या स्वस्तात विणल्या असतील, ही टोचणी माझ्या मनात आहे. एका घराच्या ‘नाही’ने प्रश्न सुटत नाही. पाच गावांतल्या पन्नास घरांनी मिळून एकच दर सांगितला तरच तो सुटेल. पण सुरुवात करायला आपली किंमत आपल्याला आधी ठाऊक असावी लागते.

शिवाय, थोडे करणे म्हणजे दुबळे असणे, हा समजही सोडून द्यावा. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला रंगमंचावर आणल्या, आणि कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले होते, त्यामुळे गदारोळ झाला, आणि कंपनीला या चपलांचे मूळ मान्य करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन मर्यादित संख्येने, सुमारे २,००० जोड, कारागिरांकडून करवून घेण्याचे ठरले. किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. त्यातले कारागिराच्या ओंजळीत किती पडेल हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जगातली बलाढ्य कंपनीसुद्धा हातच्या वस्तूची संख्या आधी ठरवते, आणि ती थोडी आहे हेच तिच्या किमतीचे कारण म्हणून सांगते. मग आम्हीच सहाशेच्या आकड्याला भुलून आपली किंमत का पाडून घ्यावी?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच घरातले पहिले शिकलेले आहेत. कोणाच्या घरी चाक फिरते, कोणाच्या घरी माग आहे, कोणाची आई अजून बिड्या वळते. शिकलो म्हणजे या कामातून सुटलो, अशी आपली समजूत असते आणि घरच्यांचीही तीच इच्छा असते. त्यात गैर काही नाही. पण सुटण्यापूर्वी एक ऋण फेडणे आपल्या हाती आहे. घरातल्या एका वस्तूला किती तास लागतात, किती माल लागतो, आणि तासाला किती पडतात, एवढे एका पानावर लिहून काढावे. त्याला पदवी लागत नाही, सहावी-सातवीचे गणित पुरते. ज्या दिवशी मागणी अचानक दाराशी येईल त्या दिवशी हे एक पान सावकाराच्या कर्जापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गुरुजनांनाही एक नम्र विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखादे वर्ष आपले शिबिर कारागिरांच्या टोळीत न्यावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एका घराचा हिशेब मांडून द्यावा. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा फळ्यावर एकमेकींना छेदतात. पुरवठ्याची रेषा वर चढते तेव्हा ती कोणाच्या पाठीवरून चढते, हेही त्या तासाला शिकता आले तर आमच्यासारख्यांना ते शास्त्र परके वाटणार नाही.

धंदा वाढावा, जरूर वाढावा. बुरुडाच्या घरावर नवी कवेलू चढावीत, त्याच्या मुलींनी बी. ए. व्हावे. पण वाढीचे माप परड्यांच्या राशीने घेऊ नये. विणणाऱ्या बाईच्या हातात दिवस मावळताना काय पडले, त्यावरून ते घ्यावे. रास मोठी झाली आणि हात रिकामाच राहिला, तर वाढला तो व्यापाऱ्याचा धंदा, आपला नव्हे.